फाशी कायम झाल्यावर दयेचा अर्ज: हक्क की नुसता टाइमपास?

सडाफटिंग:
सुप्रीम कोर्टाने एखाद्याची फाशी कायम केली की दुसऱ्या दिवशी ठरलेलं वाक्य येतंच, "आता जातील राष्ट्रपतींकडे रडायला". मला ह्या वाक्याची चीड आहे म्हणून लिहितोय. कलम ७२ खाली राष्ट्रपतींना आणि १६१ खाली राज्यपालांना शिक्षा कमी करायचा अधिकार घटनेनेच दिलाय, ती काय वकिलांनी शोधलेली पळवाट नाही. आणि १९८८ च्या केहर सिंग निकालात तर कोर्टानेच सांगितलंय की राष्ट्रपती पुरावासुद्धा नव्याने बघू शकतात.

एक जुनी केस सांगतो. उत्तर प्रदेशात एकाच गुन्ह्यात तिघांना फाशी, तिघांचा रोल सारखाच. एकाची शिक्षा सुप्रीम कोर्टाने जन्मठेपेवर आणली, दुसऱ्याचं अपील वेगळ्या बेंचपुढे गेलं, फेटाळलं गेलं आणि ऑक्टोबर १९८१ मध्ये तो फासावर गेलासुद्धा. तिसरा हरबन्स सिंग. त्याचा दयेचा अर्ज आधीच फेटाळलेला होता, पण १९८२ मध्ये कोर्टालाच लाज वाटली असावी, त्यांनीच राष्ट्रपतींना विनंती केली की ह्याची फाशी बदला. म्हणजे बेंच कुठलं मिळालं त्यावर जगणं मरणं. अशा सिस्टीममध्ये शेवटचा दरवाजा बंद करा म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा.

रोखठोक:
विचार करूनच बोलतोय. कोल्हापूरचं बालहत्याकांड आठवतंय का? लहान लेकरं पळवायची, चोरीसाठी वापरायची आणि नकोशी झाली की मारून टाकायची. रेणुका शिंदे आणि सीमा गावित ह्या बहिणी १९९६ ला पकडल्या, २००६ ला सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली, २०१४ ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, आणि २०२२ च्या जानेवारीत हायकोर्ट म्हणतं अर्जावर निर्णय द्यायला पावणेआठ वर्षं लावली म्हणून आता जन्मठेप. त्या पोरांच्या आयांना काय सांगायचं, फाईल उशिरा सरकली? कैद्याला सेशन्स, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, पुनर्विचार, तोही फेटाळला की क्युरेटिव्ह याचिका, राज्यपाल, राष्ट्रपती, मग परत कोर्ट. मेलेल्याच्या घरच्यांना ह्यातल्या कितव्या पायरीवर कोण विचारतं?

काळा_कोट:
रोखठोक साहेब, तुमचा राग बरोबर आहे पण चुकीच्या माणसावर निघतोय. ती फाशी दयेच्या अर्जामुळे नाही गेली, गृहखात्यात फाईल लोळत पडली म्हणून गेली. पुण्याच्या बीपीओतल्या तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या केसमध्ये पण तेच. राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये अर्ज फेटाळला आणि डेथ वॉरंट (फाशीची तारीख ठरवणारा कोर्टाचा हुकूम) निघालं एप्रिल २०१९ मध्ये. मधली दोन वर्षं काय चाललं होतं? हायकोर्टाने फाशी काढून ३५ वर्षांची कैद दिली आणि डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालापासून हे सगळ्यांना माहीत आहे की विनाकारण उशीर हा फाशी कमी करायचा ग्राउंड आहे, त्या एका निकालात १५ जणांची फाशी गेली. तरी खातं जागं होत नाही.

रोखठोक:
मग उशीर करणाऱ्या साहेबाला सस्पेंड करा ना!! खुन्याला बक्षीस कशाला?

काळा_कोट:
बक्षीस नाही हो. जन्मठेपच भोगतोय, बाहेर नाही आलेला. आणि तुम्ही त्या जागी कल्पना करून बघा, रोज पहाटे बुटांचा आवाज आला की आज आपला नंबर का, हे वर्षानुवर्षं. कोर्टाने फाशीची शिक्षा दिलेली असते, ह्या टांगणीची नाही.

रोखठोक:
मारताना त्या पोरांना किती वेळ टांगणीला ठेवलं होतं ते पण कल्पना करून बघा.

उगाच_मधे:
मला एक कळत नाही, सगळे उशिरावरच भांडताय. चुकीच्या माणसाचं काय? महाराष्ट्रातलीच २००३ ची केस, भटक्या जमातीतले सहा जण. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाच्या सहांना फाशी दिली, त्यात तिघांना हायकोर्टाने जन्मठेपेवर आणलेलं तेही वाढवून. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, वर प्रत्येकी ५ लाख भरपाई द्या म्हणून सांगितलं. तोवर सोळा वर्षं आत.

रोखठोक:
ते सुटले कोर्टामुळे. दयेमुळे नाही. उलट माझाच मुद्दा सिद्ध होतो, चूक दुरुस्त करायला कोर्ट पुरेसं आहे.

उगाच_मधे:
पुरेसं?? दहा वर्षं लागली दुरुस्त करायला, तेवढ्यात लटकवले असते तर २०१९ चा निकाल कुणाला वाचून दाखवला असता? अजून एक घ्या, पुण्यातलं १९९४ चं सात जणांचं हत्याकांड. फाशी झालेल्या एकाचं वय गुन्ह्याच्या वेळी साडेबारा होतं हे मार्च २०२३ मध्ये मान्य झालं, शाळेच्या रेकॉर्डवरून. २८ वर्षं आत काढली त्याने. अल्पवयीन आरोपीला फाशी देताच येत नाही आपल्याकडे.

वाटसरू_७७:
मी फाशीच्या बाजूचा आहे आधीच सांगतो. पण दयेच्या अर्जात राजकारण घुसतं हे कोणीच बोलत नाहीये. पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग यांच्या हत्येत फाशी झालेल्या राजोआनाच्या बाबतीत २०१२ मध्ये अर्ज झाला, तोही त्याने स्वतः नाही, दुसऱ्यांनी केला, आणि दहा वर्षं उलटून गेली तरी हो नाही की नाही नाही. का, तर हो म्हटलं तरी एक बाजू पेटणार आणि नाही म्हटलं तरी दुसरी. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालतात, त्यामुळे "दया" वगैरे राहू द्या, मतांचं गणित असतं.

सडाफटिंग:
वाटसरू, हे मान्य. म्हणूनच मला मुदत हवी आणि कारणं लेखी हवीत. जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७२ आलंय, अर्ज ३० दिवसांत करायचा, केंद्राने राज्याचा अभिप्राय आल्यापासून ६० दिवसांत राष्ट्रपतींना शिफारस करायची. पण गंमत बघा, राष्ट्रपतींना स्वतःला मुदत नाही, आणि निर्णय कसा घेतला ते कोर्टाने विचारायचं नाही असंही घातलंय. म्हणजे घाई सगळी कैद्याला, ज्याला वकील पण धड मिळत नाही.

रोखठोक:
३० दिवस भरपूर झाले. माझं एकच म्हणणं, राष्ट्रपतींपुढे फाईल जाताना त्यात मयताच्या घरच्यांचा जबाब लावा. कैद्याची आई रडते ती फाईलमध्ये जाते, मग दुसरी आई का नाही?

सडाफटिंग:
लावा की. मी कुठे नाही म्हणतोय? पण मग घरच्यांनीच "फाशी नको" म्हटलं तर?

रोखठोक:
तसं कोण म्हणेल!

काळा_कोट:
म्हणतात साहेब. राजीव गांधींच्या हत्येच्या केसमध्ये दोषी ठरलेल्या नलिनीची फाशी जन्मठेपेवर आली ती २००० मध्ये, आणि सोनिया गांधींनी स्वतः तिच्यासाठी शब्द टाकला होता.

रोखठोक:
ते मोठे लोक. कोल्हापूरच्या आयांना विचारून या, मग बोलू.