शिया वाचकासाठी कुरआनचा इंग्रजी अनुवाद कोणता घ्यावा?

प्रश्न (सोलापूर): माझी भाची इंग्रजी माध्यमात शिकली असून तिला उर्दू वाचता येत नाही. आमच्या शिया घरात तिला कुरआन अर्थासह वाचायचे आहे. कोणता अनुवाद द्यावा?

उत्तर: अली कुली कराई यांचा द्यावा. त्यात अरबी मजकुराशेजारी वाक्यांशागणिक इंग्रजी अर्थ असल्याने, सूरह मायदा या अध्यायाच्या ६व्या आयतीत (वचनात) वुजू (नमाजाआधीची शुद्धी) करताना पायांवरून ओला हात फिरवायचा, ही आपली पद्धत मूळ रचनेशी ताडून पाहता येते; अनेक सुन्नी अनुवादांत तिथे पाय धुण्याचा अर्थ येतो.

दुसरे उत्तर: टिपांवाचून नवा वाचक अडखळतो, असे माझे ठाम मत आहे. मीर अहमद अली यांच्या १९६४च्या अनुवादासोबत आगा महदी पूया यांचे भाष्य आहे, आणि अहले बैत म्हणजे पैगंबरांच्या घराण्याविषयीच्या आयतींसाठी ते हाताशी असावेच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. रोजच्या वाचनाला कराई घेतो, भाष्यासाठी मीर अहमद अली यांची प्रत मागवतो.