अनुभव धागा: गेममधल्या नायकाचा स्वभाव तुमच्या अंगात कितपत उतरला?

टिळकवाडी (धागाकर्ती)

गेम खेळून चपळाई वाढते की डोळे जातात, यावर इथं चर्चा नको. एखाद्या गेममधल्या नायकाचं वागणं बघून तुम्ही प्रत्यक्षात कधी काही वेगळं केलंत का, ते सांगा. "चिकाटी शिकलो" एवढंच लिहून पळू नका. चिकाटी सगळेच शिकतात, निदान तसं सांगतात. बेळगाव, निपाणी, खानापूर, हल्याळ, कारवार, आपल्या पट्ट्यातल्या सगळ्यांना आवतण. सीमाप्रश्नाचे प्रतिसाद त्याच्या धाग्यावर टाका.

सुरुवात मीच करते. सुपर मारिओ ब्रदर्स, 1985 चा. आमच्याकडं कॅसेट घालायच्या टीव्ही गेमवर तो बराच उशिरा पोचला. पळवलेल्या राजकन्येला शोधत मारिओनं किल्ला पार केला की तिचा सेवक टोड भेटतो आणि आभार मानून सांगतो, राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. एकदा नव्हे, सात किल्ल्यांत. मारिओ भांडत नाही, पुढं चालू लागतो. सासरे गेल्यावर जमिनीच्या वारसा नोंदीसाठी कचेरीत जायला लागले, तेव्हा या टेबलावरून त्या टेबलावर, सगळे कागद कन्नडमध्ये. टेबलामागचा माणूस टोड आहे, राजकन्या त्यानं पळवलेली नाही, हे मनाशी धरलं की आवाज चढत नाही. नोंद झाली.

हुक्केरीकडचा

रेड डेड रिडेम्प्शन 2, 2018 चा. कथा फोडतोय, खेळायचा असेल तर हा प्रतिसाद ओलांडा.

आर्थर मॉर्गन हा 1899 सालच्या अमेरिकेतला दरोडेखोर. टोळीतला स्ट्राउस व्याजानं पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला धाडतो. डाउन्स नावाच्या आजारी कर्जदाराला आर्थर बडवतो, त्याच्या खोकल्यातलं रक्त तोंडावर उडतं, आणि क्षय तिथंच लागतो. मी एका मायक्रोफायनान्स कंपनीत वसुलीला आहे, तेव्हा हा प्रसंग मी कसा बघितला असेल ते समजा. आमचं काम बायकांच्या गटात चालतं. एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांनी भरायचा. त्यामुळं आम्हाला ओरडावंच लागत नाही, शेजारणीच ओरडतात. बाहेरच्यांच्या हे लक्षात येत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारनं जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला, तेव्हा आमच्या नावानं शिमगा झाला. बराचसा रास्त होता.

लोक म्हणतात, आर्थर शेवटी सुधारतो. दुखणं कळल्यावर तो काही कर्जं सोडून देतो, स्ट्राउसला तळावरून हाकलतो, डाउन्सच्या बायकोला पैसे देतो, हे खरं. पण मला भावलं ते हे, की कुणी चांगला माणूस म्हटलं तरी तो ते अंगाला लावून घेत नाही. त्याची एक वही असते. पक्षी, झाडं, माणसं चितारतो, चार ओळी खरडतो. वही मी उचलली. मीटिंग झाली की कुणाकडं काय चाललंय ते लिहितो. म्हैस आटली, नवरा गोव्याला कामाला गेला, पोरीची कॉलेजची फी. कंपनीच्या टॅबमध्ये याला रकाना नाही. मॅनेजरकडं मुदत मागायची तर "टाळाटाळ चालू आहे" ऐवजी "म्हैस आटली" म्हणता येतं. कधी मुदत मिळते, कधी नाही. नोकरी सोड म्हणणाऱ्यांनी लिहू नये, हप्ता मलाही आहे.

अनगोळ

शेवटी मरतोय न्हवं गा तो?

हुक्केरीकडचा

व्हय. तेवढं सोडून घेतलंय.

निपाणी

पोरगा गॉड ऑफ वॉर खेळत होता, 2018 चाच. मी मागं पेपर वाचत होतो. सुरुवातीला नायक क्रेटोस आपल्या पोराला हरणाच्या शिकारीला नेतो, ते पोरगं हबकतं. क्रेटोस त्याच्या पाठीवर हात ठेवायला जातो आणि मध्येच मागं घेतो. पेपर खाली ठेवला मी. आमचे आबा अगदी असेच; जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, आम्हा भावंडांपैकी कुणाच्या पाठीवर हात पडला तो मारायलाच. दोन पिढ्या हात मागं घेण्यात गेल्या, म्हटलं आता बास. रविवारी आबांच्या पाठीला तेल लावतो. बोलणं काही होत नाही. "जोर लाव की," एवढंच म्हणतात.

खानापूर, शिक्षक

सगळ्यांचं वाचलं. गेमच्या नायकाला स्वभाव असतो हेच मला पटत नाही. कंपनीनं लिहिलं तसा तो वागतो, आणि मेला तरी पुन्हा उभा राहतो. आपल्याला ती सोय नाही.

शहापूर

सर, 1989 चा प्रिन्स ऑफ पर्शिया बघा. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. मेलात तर लेव्हल पुन्हा सुरू होते, पण घड्याळ मागं येत नाही.

माझा अनुभवही त्यातलाच. आरशातून उडी मारल्यावर राजपुत्राची सावली सुटी होते आणि त्याच्याच वाटेत आडवी येत राहते. शेवटाकडं दोघं तलवारी काढून समोरासमोर. तिला वार केला की जखम आपल्याला. तलवार म्यान केली की तीही म्यान करते, आणि तिच्यात चालत गेलं की दोघं एक होतात. कॉम्प्युटर क्लासमध्ये हे दादानं दाखवलं होतं. मराठी शाळेतून शिकून धारवाडला फिजिओथेरपी करायला गेले, तेव्हा आपलं बेळगावी वळणाचं कन्नड लपवण्यातच जीव जायचा. पेशंटशी कमीत कमी बोलायचं, मान हलवायची. मग लपवणं सोडलं. आता पहिल्यालाच सांगते, माझं कन्नड बेळगावचं आहे, हसू आलं तर हसा, पण गुडघा वाकवा. हसतात, आणि हसताना गुडघा बराच जास्त वाकतो.

गोकाक

कॉन्ट्रा या दोघांनी मिळून खेळायच्या गोळीबाराच्या गेममधले बिल आणि लान्स एक शब्द बोलत नाहीत, स्वभाव कसला डोंबलाचा. पण धबधब्याची लेव्हल आठवा, मी दादाबरोबर खेळायचे ती. दोघांनी वर चढायचं, एक भरभर गेला की पडदा वर सरकतो आणि खालचा मरतो. त्यात दादाचे जीव संपले की तो न विचारता माझ्यातला एक घ्यायचा. "वर थांब गा," असं मी ओरडायचे. दादा आता पुण्यात, पगार माझ्या कितीतरी पट. आईच्या उपचारांचा खर्च ठरवताना तो मोठ्या हॉस्पिटलाचं बोलायला लागला की मी फोनवर तेच म्हणते. थांबतो. मग दोघांना झेपेल ते ठरतं.

टिळकवाडी (धागाकर्ती)

गोकाक, हा नायकाचा नाही, दादाचा स्वभाव झाला. पण चालतोय. खानापूरच्या सरांनी शहापूरला उत्तर द्यायचं राहिलंय. आणि कारवारवाले, तुमच्यातलं अजून कुणीच कसं आलं नाही?