प्रतिसाद: केमोनंतरचा त्रास आणि चिडचिड

ताई, तुम्ही लिहिलंय की केमोनंतर मिस्टरांना फोडणीचा वास सहन होत नाही, तोंडात छाले आलेत अन् काही विचारलं की अंगावर येतात. आमच्याकडे हिची केमो चालू होती तेव्हा सेम हाल. वाफाळतं जेवण देणंच बंद केलं, निवलेली मुगाची खिचडी, शिरा, वाटीवाटीनं दर दोन तासांनी, ताट वाढून समोर ठेवलं की हिला बघूनच नको व्हायचं. सावजी रस्सा तर सोडाच, आंबटानं छाले झोंबतात म्हणून संत्रीपण बंद, नागपुरात राहून! छाल्यांसाठी कोमट पाण्यात थोडं मीठ अन् खायचा सोडा टाकून गुळण्या, अल्कोहोलवालं माउथवॉश नको.

मिस्टरांना केमोत ऑक्झॅलिप्लॅटिन नावाचं औषध असेल तर माठाचं, फ्रिजचं पाणी देऊ नका, मे महिना असला तरी, गारव्यानं हातात अन् घशात झिणझिण्या येतात.

अन् थर्मामीटर उशाशीच ठेवा. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला की रात्रीचे दोन वाजले तरी हॉस्पिटलला फोन, आपल्या मनानं पॅरासिटामोल देऊन सकाळची वाट नाही पाहायची, पांढऱ्या पेशी कमी असतात तेव्हा इन्फेक्शन फार लवकर वाढतं. डोसनंतरचा दुसरा आठवडा जास्त सांभाळा.

चिडण्याचं काय, उलटीच्या गोळ्यांसोबत स्टेरॉइड असते बऱ्याचदा, त्यानं झोप उडते अन् चिडचिड होते, डॉक्टरांना सांगा, वेळ बदलून देतात. "कसं वाटतंय" दिवसभर विचारू नका, मी तर गपचूप टीव्हीवर मॅच लावून बाजूला बसायचो. अन् आठवड्यातून एक संध्याकाळ दिराला बसवा घरी, तुम्ही फुटाळा तलावावर चक्कर मारून या.