प्रतिसाद: ‘मॅक्रो’ म्हणजे केवळ मोठे नव्हे

‘मॅक्रो’ आणि ‘मेगा’ हे दोन्ही उपसर्ग ‘मोठे’ याच अर्थाचे असतील, तर दोहोंची गरज काय, असा प्रश्न वर विचारला आहे. माझ्या मते उत्तर मूळ ग्रीक शब्दांत सापडते. ‘मेगास’ म्हणजे मोठा, तर ‘माक्रोस’ हे विशेषण प्रामुख्याने लांबी दाखवते, मग ती अंतराची असो वा काळाची. रोमन लिपीत संस्कृत लिहिताना ‘राम’ मधल्या ‘रा’चा दीर्घ स्वर दाखवण्यासाठी अक्षरावर जी आडवी रेघ देतात, तिचे नाव ‘मॅक्रॉन’. येथे आकाराचा संबंधच नाही. ‘मॅक्रोबायोटिक’ या शब्दातही दीर्घायुष्याचीच कल्पना आहे.

आधुनिक विज्ञानाने मात्र ‘मायक्रो’च्या विरुद्ध म्हणून ‘मोठे’ हाच अर्थ उचलला. जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशींना ‘मॅक्रोफेज’ म्हटले आणि रसायनशास्त्रज्ञ श्टाउडिंगर यांनी 1922 मध्ये ‘मॅक्रोमोलेक्यूल’ (महारेणू, म्हणजे असंख्य अणूंचा मोठा रेणू) ही संज्ञा वापरली. त्या महारेणूंवरील संशोधनासाठी श्टाउडिंगर यांना 1953 चे नोबेल पारितोषिक मिळाले. (रबराचे महारेणू साखळीसारखे लांबच असतात, त्यामुळे तेथे दोन्ही अर्थ चपखल बसतात.)

छायाचित्रणातला ‘मॅक्रो’ गोंधळात टाकतो खरा, कारण तो मुंगीसारख्या लहान विषयांसाठी वापरला जातो. पण तेथे मोठी असते ती प्रतिमा, जी कॅमेऱ्यातील संवेदकावर मूळ वस्तूइतकी किंवा तिच्याहून मोठी उमटते.