‘मुइ त्साय’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा
हाँगकाँगच्या इतिहासावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. ‘मुइ त्साय’ हा शब्द त्यात पानोपानी येतो. आईबापांनी पैसे घेऊन परक्या घरी दिलेली, तिथे बिनपगारी राबणारी चिनी मुलगी. ‘मोलकरीण’ चालेल का? ‘दासी’ पुराणातली वाटते.

उत्तर
मोलकरीण अजिबात नको. मोलकरणीचं मोल तिच्या हातात पडतं; इथे ते बापाच्या हातात पडायचं. शब्दशः अर्थ ‘धाकटी बहीण’ असा लाडिक आहे, आणि कागदावर पुष्कळदा मुलगी ‘भेट’ दिल्याचं लिहीत. वयात आली की मालकाने तिचं लग्न लावून द्यायचं, असा रिवाज. पेशवाईच्या कागदांत विकत घेतलेल्या बाईला ‘कुणबीण’ किंवा ‘बटीक’ म्हटलंय. माझं मत ‘बटीक’ला.

उत्तर
‘बटीक’ लिहिलंत की वादाचा निकालच लावून टाकाल. ही गुलामगिरी की चिनी रीत, यावरच सुमारे साठ वर्षं भांडण चाललं. ब्रिटिश अमलातल्या हाँगकाँगचे सरन्यायाधीश स्मेल यांनी १८७९ मध्ये तिला गुलामगिरी म्हटलं. सरकार आणि बडे चिनी व्यापारी म्हणत, गरिबाच्या पोरीला निदान पोटभर मिळतं. १९१९ पासून नौदल अधिकारी हेझलवूड आणि त्यांच्या पत्नी क्लारा यांनी आवाज उठवला, तो लंडनपर्यंत गेला. १९२२ मध्ये वसाहतमंत्री चर्चिल यांनी वर्षभरात प्रथा मोडण्याचं आश्वासन दिलं. १९२३ चा कायदा आला. पैसे मोजल्याने मुलीवर मालकी येते ही समजूत चुकीची, असं त्यात स्पष्ट लिहिलंय! नवी मुइ त्साय ठेवायला बंदी झाली, पण असलेल्या मुलींची नोंदणी १९२९ पर्यंत लांबवली. मला याचा अजून संताप येतो. नोंदच नाही, तर कुठल्या घरात कोण मार खातंय हे कळणार कसं?

विचारणा
मग नोंदणी सुरू झाल्यावर त्याच मुलींना ‘दत्तक मुली’ म्हणू लागले, असं लेखात आहे. तिथे ‘दत्तक’च लिहू?

उत्तर
नको. आपल्याकडे दत्तक म्हटलं की नाव, वारसा, हक्क आले. इथे दत्तक ही नोंदणी टाळायची पळवाट होती. या प्रथेची चौकशी करणाऱ्या १९३७ च्या ब्रिटिश वुड्स आयोगात सदस्य एडिथ पिक्टन-टर्बरव्हिल यांनी भिन्नमतपत्रिका लिहून नेमकं हेच धरलं: नाव काहीही द्या, परक्या घरी दिलेली प्रत्येक मुलगी देखरेखीखाली आणा. १९३८ मध्ये हाँगकाँगने दत्तक मुलींचीही नोंदणी सक्तीची केली. ‘मानलेली मुलगी’ लिहा, अवतरणचिन्हांत.

उत्तर
मी गोव्याचा. आमच्याकडे ‘पोसकें’ म्हणतात: जमीनदारांच्या घरी वाढवलेलं, घरचं म्हणवलेलं, पण कामाला जुंपलेलं मूल. खरेदी तिथे असेलच असं नाही, त्यामुळे प्रतिशब्द म्हणून घेऊ नका. मूळ शब्दच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘विकत घेतलेली घरकामाची पोर’ असा खुलासा द्या, आणि हवं तर तळटिपेत पोसक्यांचा उल्लेख करा.