मिथेनचं ज्वलन: बंधऊर्जेवरून −६९४ येतं, पुस्तकात −८९०

बंधनमुक्त: मिथेनचा एक मोल आणि ऑक्सिजनचे दोन. सरासरी बंधऊर्जा (एक मोल बंध तोडायला लागणारी ऊर्जा, किलोज्यूल प्रति मोल) अशा घेतल्या: सी–एच ४१३, ओ=ओ ४९८, सी=ओ ७४५, ओ–एच ४६३. तुटणारे २६४८, तयार होणारे ३३४२. जवळपास २०० चा फरक नुसत्या 'सरासरी'मुळे पडेल? शिवाय एटीपीचा (पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू) बंध तुटला की ऊर्जा मिळते म्हणतात, ते कसं?

उष्मामापी: बेरीज बरोबर आहे, एक आकडा भलत्याच संयुगाचा आहे. ७४५ हा कीटोनमधल्या सी=ओचा. कार्बन डायऑक्साइडमध्ये तोच बंध आखूड आणि जास्त मजबूत असतो, तिथे ७९९ घ्या. दोन बंधांचे १०८ वाढले: −८०२.

उरलेले ८८ पाण्याचे. बंधऊर्जा वायुरूप रेणूंसाठीच असते, पुस्तकाने पाणी द्रव धरलंय. २५ अंशांना वाफेचं पाणी होताना मोलमागे ४४ बाहेर पडतात, दोन मोलांचे ८८. स्वयंपाकाच्या शेगडीवर वाफ हवेत निघून जाते, त्यामुळे तिथे ८०२च हाती लागतात.

कार्बनकाका: ८०२ इतकं तंतोतंत जुळलं यात थोडं नशीबही आहे हं. ४१३ ही सरासरीच: मिथेनचा पहिला सी–एच तोडायला ४३९ लागतात, शेवटचा साधारण ३३८ मध्ये तुटतो. चिन्हही सांभाळा: बंधऊर्जेत 'तुटणारे वजा तयार होणारे', निर्मिती-एन्थाल्पीत (मूलद्रव्यांपासून संयुग बनतानाचा उष्णतेचा बदल) 'उत्पादितं वजा अभिकारकं'. परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथेच जातात.

जीवरस: एटीपीचं वाक्य अर्धवट आहे. फॉस्फेटचा बंध तोडायला ऊर्जा लागतेच, पाण्याचा ओ–एच तोडायलाही. पण त्याच अभिक्रियेत नवे बंध जुळतात, शेजारशेजारच्या ऋणभारांचं प्रतिकर्षण कमी होतं, सुटा झालेला फॉस्फेट संस्पंदनाने (भार अनेक अणूंवर पसरल्याने) स्थिर होतो आणि पाण्याचे रेणू त्याला वेढतात. सगळं धरून प्रमाण स्थितीत, पीएच ७ ला, मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल मुक्त ऊर्जा मिळते. 'उच्च-ऊर्जा बंध' हा शब्दच घोळ घालतो.

बंधनमुक्त: ७९९ घेऊन प्रोपेन केलं, सी–सी ३४७ धरून. −२०१० आलं, पाणी वाफेत धरून खरं −२०४४. हे ३४ आता सरासरीचेच ना?

कार्बनकाका: हो, हे सरासरीचेच.