बंदुकीचा 'परवाना' की 'लायसन्स'?

लष्करकर : ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या घरी आजोबांची बारा बोअरची दुनळी अजून कपाटात आहे. मुदत वाढवायचा अर्ज भरत होतो. शेजारच्या काकांना सहज म्हणालो, परवाना संपत आलाय. ते हसायलाच लागले, "बेटा, परवाना तो शमा का होता है, बंदूक का लाइसेंस होता है." सरकारी हिंदीत आणखी तिसराच शब्द, अनुज्ञप्ति. आपला परवाना आणि त्यांचा दिव्यावरचा पतंग, शब्द एकच का?

शब्दवेडा : रूप एकच, फारसी. तिथे पतंगही आहे आणि हुकूमनामाही. मराठीने दप्तरातला अर्थ घेतला. 'परवानगी' त्याच घरातली. उर्दूत प्रवासाच्या दाखल्याला 'परवाना-ए-राहदारी' म्हणतात, काकांना सांगून बघा. कायद्याचंही तेच. १९५९ चा एकच कायदा, मराठीत 'शस्त्र अधिनियम', हिंदीत 'आयुध अधिनियम'. आयुध म्हटलं की मला तरी विष्णूच्या हातातलं चक्र दिसतं.

माई : भाचा काठमांडूला असतो. तिथल्या कायद्याचं नाव 'हातहतियार तथा खरखजाना ऐन, २०१९'. मला वाटलं, आपल्याकडे २०१९ लाच दुरुस्ती झाली, माणशी तीनऐवजी दोन बंदुका आणि परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा, तेव्हाच त्यांनीही केला असेल. पण ते विक्रम संवत! म्हणजे आपलं १९६२. आणि खरखजाना म्हणजे काय?

लष्करकर : त्या दुरुस्तीपायी थोरल्या काकांना तिसरी बंदूक जमा करावी लागली. कुठली द्यायची यावर घरात दोन महिने खल चालला होता.

शब्दवेडा : माई, खरखजाना म्हणजे दारूगोळा. आपण खजिन्यात मोहरा ठेवतो, नेपाळीत काडतुसं. हसू नका, पिस्तुलाचं 'मॅगझिन'ही त्याच अरबी धातूतून आलंय, मूळ अर्थ कोठार. 'ऐन' म्हणजे आईन, कायदा. आपल्या 'ऐन वेळी'शी त्याचा संबंध नाही. बांगलादेशात अजून १८७८ चा इंग्रजी अमदानीतलाच कायदा चालतो, जो आपण १९५९ ला मोडीत काढला. पाकिस्तानचा १९६५ चा. तिथे 'ममनूआ बोर' आणि 'ग़ैर ममनूआ बोर' म्हणतात, म्हणजे बंदी असलेला आणि नसलेला बोअर, बंदुकीच्या नळीचं माप. फरक आहे तो इथे : आपल्याकडे बंदीवाला बोअर सामान्य माणसाच्या हाती जवळपास येतच नाही, तिकडे त्याचेही परवाने खासगी लोकांना दिले गेलेत. शब्द जुळे, व्यवहार निराळा.

माई : आणि ज्याला परवानाच नाही, त्या गावठी पिस्तुलाला ग्वाल्हेरकडे कट्टा म्हणतात ना? आमच्या नात्यातली पुण्याची सून तिकडे गेली. पहिल्याच आठवड्यात तिने सासऱ्यांना विचारलं, "बाबा, इथे जवळपास एखादा चांगला कट्टा आहे का? संध्याकाळी मैत्रिणींबरोबर जाईन म्हणते." सासऱ्यांनी हातातली कपबशी हळूच खाली ठेवली म्हणे.